फिरते, धरत नाही

भवानी पेठेत, वखारीच्या दारात, सकाळी सव्वासातला
खिलारेबाईंची पिकअप आडवी.
वर भुशाची चौतीस पोती, मागे सिमेंटचा ट्रक,
त्याच्या मागे स्कूलव्हॅन, आणि सगळ्यांच्या मागे
हॉर्नवर अंगठा ठेवून झोपलेला कुणीतरी.

नाना पेठेतून स्कूटरवर मी पोचेपर्यंत
चार जण बॉनेटमध्ये डोकं घालून उभे.
पुण्यात गाडी बंद पडली की तज्ज्ञ चालू होतात.
एक म्हणाला, बॅटरी.
एक म्हणाला, विकून टाका.
कानटोपीतल्या आजोबांनी विचारलं, मुळात इथे लावलीच का?

सेल्फ मारा, म्हटलं.
बाईंनी चावी फिरवली. खर्र खर्र खर्र, सेल्फ जोमात.
बॅटरी असती तर कण्हली असती.
मागे जाऊन सायलेन्सरला तळहात लावला.
वारा येतोय, धूर नाही.
पांढरा नाही, काळा नाही, वाससुद्धा नाही.
म्हणजे फुंकणी चालू आहे, चुलीत लाकूडच नाही.

टाकीत काडी घातली, काटा खोटं बोलतो म्हणून.
वीतभर ओली.
फिल्टरवरचा हातपंप दाबत गेलो, दहाव्या दाबाला घट्ट झाला.
इथवर येतंय.
इंजेक्टरचा नट अर्धा फेरा सैल केला, मारा म्हटलं.
नळी तापातल्या जिभेसारखी कोरडी.

आता उरला सोलेनॉइड,
पंपाच्या पाठीवर अंगठ्याएवढा, डिझेलच्या दारावरचा वॉचमन.
चावी दिली की टक् म्हणतो आणि दार उघडतो.
मी सगळ्यांना गप्प केलं, कान लावला.
सिमेंटवाल्यानेही इंजिन बंद केलं.
टक् आलं नाही.

बॅटरीवरून थेट वायर टेकवली:
टक्.
वॉचमन जागा आहे. त्याला निरोपच पोचत नाही.

मग निरोपाच्या मागावर.
बॉनेटमधून डॅशबोर्डखाली, तिथून मॅटखाली,
आणि तिथे कंपनीची वायर संपून
पिवळी सुरू झाली, घरातल्या ट्यूबलाइटची.
जोडावर चिकटपट्टी, पट्टीवर दोऱ्याचे वेढे,
इतके नेटके की रागावता येईना.
ही कुणी ओढली?

त्यांनीच असेल, बाई म्हणाल्या.
दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत गाडीला.
मग विचारा की फोन लावून.
बाई पदरावरचा भुसा झटकत राहिल्या.
विचारलं तर कळतं त्यांना सगळं.
माघात झटका आला, उजवी बाजू गेली.
तोंड हलतं, आवाज येतो,
शब्द धरत नाही.

सीटखाली हात घातला. आधी पाण्याचा कॅन लागला,
पोती भरताना भाच्याने कोंबलेला.
त्याच्या मागे, सीटच्या पायाला,
लाकडाच्या पट्टीवर दोन स्क्रू मारून
काळा खटका. घरातल्या दिव्याचा.
चोर-स्विच.
झटका चालत्या गाडीत आला होता,
तेव्हापासून चालूच राहिला असणार,
आजच्या कॅनपर्यंत.

बाई वाकून बघत राहिल्या.
बावीस वर्षं, म्हणाल्या,
रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी असे वाकायचे.
मला वाटायचं, नमस्कार करतात.
मीही शेजारी बसून हात जोडायचे.

नट आवळला, खटका दाबला. मारा.
तिसऱ्या सेल्फला धरली.
काळा धूर सिमेंटवाल्याच्या काचेवर.
आजोबा म्हणाले, मी म्हणतच होतो.

तीनशे सांगितले, दोनशे मिळाले,
वर ऐकून घेतलं, एक खटका तर दाबलात.
काढून टाकू का तो? सरळ जोडतो, कटकट नको.
नको, म्हणाल्या. आणि घरी कधी आलात
तर सापडला म्हणून बोलू नका.

गिअर टाकला. मग थांबून, चालू गाडीतच,
उजवा हात सीटखाली नेऊन
तो नेमका कुठे आहे ते बोटांनी बघून घेतलं,
आणि रामोशी गेटकडे निघून गेल्या,
वन-वेतून उलट्या.